पाकिटाची पाठ

दुकानातल्या कुठल्याही पाकिटाला दोन बाजू असतात. पुढची जाहिरातवाला लिहितो, मागची कायदा लिहायला लावतो. पुढे रसरशीत आंबा, दुधाची धार, नऊवारीतली हसरी आजी आणि ‘अस्सल घरची चव’. मागे, डोळ्यांच्या डॉक्टरांचा धंदा चालावा अशा हेतूने निवडलेल्या अक्षरांत, घटक पदार्थांची यादी. लग्नाच्या स्थळाचंही असंच असतं. मुलाकडून आलेल्या माहितीत तो निर्व्यसनी, मनमिळाऊ आणि स्वतःच्या फ्लॅटचा मालक असतो. मुलीचा मामा त्याच्या गावात दोन दिवस मुक्काम ठोकून जी माहिती आणतो ती निराळी असते. पाकिटाची पाठ म्हणजे हा मामा. आणि मला मामा आवडतो.

त्यामुळे लोक सुपरमार्केटात खरेदीला जातात, मी वाचायला जातो. पुण्यात ग्रंथालयांना तोटा नाही, पण तिथे एसी नसतो आणि नवी पुस्तकं अनुदान आलं की येतात. इथे दर आठवड्याला काहीतरी नवं प्रकाशित झालेलं असतं. सुरुवातीला तिथली गणवेशातली मुलगी लगबगीने पुढे यायची. ‘‘सर, काही शोधताय?’’ ‘‘नाही, वाचतोय.’’ हल्ली ती नव्याने लागलेल्या पोरांना लांबूनच समजावते, ‘‘त्या काकांच्या मागे लागायचं नाही. ते घेत नाहीत, वाचतात.’’

वाण्याकडून वाचायला मिळणं ही तशी जुनीच सोय. गूळ, शेंगदाणे, मोहरी सगळं रद्दीच्या कागदाच्या पुडीत यायचं. पुडी डब्यात रिकामी केली की कागद सरळ करून वाचायचा, हा घरोघरचा रिवाज. अडचण एकच. मजकूर नेमका मोक्याच्या जागी फाटलेला असायचा. ‘तिने थरथरत्या हाताने कपाट उघडलं, तर आत’ इथे आपली मोहरी संपायची, आणि कपाटात काय होतं ते शेजारच्यांच्या साबुदाण्याबरोबर गेलेलं असायचं. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांत वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली. तब्येतीच्या दृष्टीने ते योग्यच झालं. वाङ्मयाचं नुकसान झालं ते झालंच. त्याची भरपाई पाकिटाची पाठ करते. इथला मजकूर निदान पूर्ण असतो. तारीख तेवढी सोडून. तारखेसाठी ‘पाकिटाचा तळ पाहा’ अशी सूचना असते. तळावर ‘वरची कड पाहा’ म्हटलेलं असतं. वरच्या कडेला शाईचा एक फराटा असतो, तो एप्रिलही असू शकतो आणि ऑगस्टही.

हे वाङ्मय वाचायचं तर त्याचं व्याकरण माहीत हवं, आणि ते एकाच नियमावर उभं आहे: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. जो सगळ्यात जास्त तो पहिला. पुढच्या बाजूला कुणाचा फोटो केवढा छापलाय, याला मागे किंमत नाही. बदामाच्या बिस्किटाच्या पुड्यावर बदाम चांगला बिस्किटाएवढा असतो. मागे मैदा येतो, साखर येते, तेल येतं, मग दुधाची भुकटी येते. बदाम अजून रस्त्यातच असतो. शिवाय ज्याच्या नावावर माल खपवायचा त्याची टक्केवारी सांगावी लागते, त्यामुळे कित्येक बदामांना उरलेलं आयुष्य दशांश चिन्हाच्या उजवीकडे काढावं लागतं. याच्या उलट प्रकार तेलाचा. शेंगदाण्याच्या तेलावर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं लिहिलेलं पाहून आमचे एक स्नेही गहिवरतात आणि दुसऱ्या दिवशी भजी करायला सांगतात. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच. ते प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. वनस्पतीच्या तेलात ते नसणं यात कंपनीचं कर्तृत्व काही नाही. उद्या मिठाच्या पुड्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं छापलं तरी हे स्नेही दोन किलो जास्त घेतील.

पोषणाच्या तक्त्यात ‘एका वेळचं प्रमाण’ नावाची एक भानगड असते. फरसाणाच्या पिशवीवर बहुधा ३० ग्रॅम लिहिलेलं आढळतं. ३० ग्रॅम शेव म्हणजे क्रिकेटची मॅच बघताना आमच्या सोफ्याच्या फटीत जाते तेवढी. हे प्रमाण कुणावर प्रयोग करून ठरवलं असेल, याचं मला कुतूहल आहे. तो मनुष्य मराठी नसावा. न्यू जर्सीतल्या एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांत तर आणखी मजा. तिथे आपल्याकडून गेलेल्या पाकिटावर अमेरिकन तक्त्याची पांढरी चिकटपट्टी येते, आणि ती पुष्कळदा नेमकी कृतीवर बसते. माझी वहिनी सांगते, तिच्या ओळखीच्या एका मुलाने ढोकळ्याच्या तयार पिठाची कॅलरी, सोडियम, लोह सगळं पाठ केलं, पाणी किती घालायचं ते पट्टीखाली राहिलं. वहिनीला स्वतःला मात्र त्या दुकानांतला फ्रीझर हा मनुष्यजातीचा सर्वोच्च बिंदू वाटतो. खवलेला नारळ, मोड आणून सोललेले वाल, चिरलेली तोंडली. पुण्यात असताना वाल सोलता सोलता तिची अंगठ्याची नखं दुखायची. सासर सुटल्याचं तिला फ्रीझरपाशी पटलं, असं ती भावासमोरच म्हणते.

पण खरा धक्का या मामाने मला दिला तो हिंगाच्या डबीच्या निमित्ताने. डबीवर नाव हिंगाचं. पाठीवर पाहावं तर आधी खाण्याचा डिंक किंवा मैदा, कधी तांदळाचं पीठ, आणि मग कुठेतरी हिंग. स्वतःच्या घरात तिसरा! ही फसवणूक मात्र नाही. कच्चा हिंग म्हणजे फेरुला जातीच्या झाडाच्या मुळातून गळणारा आणि वाळलेला चीक. तो इतका उग्र असतो की तसाच फोडणीत टाकला तर वरणाऐवजी घर सोडावं लागेल. म्हणून त्याला पीठ आणि डिंक घालून माणसांत आणतात. त्याला बांधानी हिंग म्हणतात. आणखी गंमत अशी की ज्याच्याशिवाय आपल्या वरणाला फोडणी बसत नाही, तो हिंग आपल्याकडे पिकतच नव्हता. अफगाणिस्तान, उझबेकिस्तान, इराण इथून वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा माल यायचा. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग नावाच्या गावी पालमपूरच्या संशोधन संस्थेने पहिलं रोप लावलं ते १५ ऑक्टोबर २०२० ला. रोप लावल्यापासून हिंग मिळेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात, म्हणजे आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या ठरावाला लागतात तेवढीच.

ही माहिती घरात कुणाला कामाची वाटली नव्हती. मग बायकोच्या बहिणीची मुलगी कॅलिफोर्नियाहून आली. तिला गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही. शौक म्हणून नव्हे, आजार म्हणून. बायकोने कंबर कसली. पोळ्या बंद, ज्वारीची भाकरी सुरू, पोळपाट-लाटणं वेगळं, भाकरीचा तवाही वेगळा. पहिल्या दिवशी साधं वरण, भात, तूप, लिंबू. यात गहू कुठून येणार? मी हिंगाची डबी उलटी करून भाचीपुढे धरली. तिसऱ्या क्रमांकावर हिंग, त्याच्या वर मैदा.

‘‘अहो, चिमूटभर हिंगात मैदा तो असून असून किती असणार?’’ बायको म्हणाली.

‘‘मावशी, डॉक्टर म्हणतात कणभरसुद्धा नको.’’

संध्याकाळी तांदळाच्या पिठात बांधलेल्या हिंगाची डबी शोधून आणण्याची कामगिरी अर्थातच माझ्यावर आली. ती सापडली. तेव्हापासून माझ्या वाचनाला घरात ‘नुसतं उभं राहणं’ असं म्हणत नाहीत.

वाचनातला माझा सर्वांत आवडता नायक कस्टर्ड पावडरच्या डब्यात राहतो. कस्टर्ड म्हणजे खरं तर अंड्याच्या पिवळ्या बलकावर दाटवलेलं दूध. आपल्या डब्यात अंडं नसतं. कॉर्नफ्लोअर, थोडं मीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. शाळेच्या गॅदरिंगपासून लग्नाच्या रिसेप्शनपर्यंत आपण जे पिवळंधमक ‘फ्रूट कस्टर्ड’ खाल्लं, ते मक्याच्या पिठाची खळ होती. पण ही खळ एका प्रेमळ नवऱ्याची आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधवाला होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे आणि कस्टर्ड फार आवडे. त्याने १८३७ साली अंड्याशिवायचं कस्टर्ड शोधून काढलं. मग लक्षात आलं की तिला यीस्टही सोसत नाही, म्हणजे पावही बंद. त्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली. त्याला कल्पनाही नसेल, पण त्याच्या बायकोच्या पथ्यावर पुढे भारतातल्या शाकाहारी घरांतल्या रविवारच्या गोडाची सोय झाली. ही हकिकत मी घरी सांगितली आणि ते बरं नव्हतं, कारण आमच्या बायकोला धुळीची अ‍ॅलर्जी आहे आणि माझ्या नावावर अद्याप एकही शोध नाही. ‘‘निदान पंखा तरी पुसा,’’ एवढंच ती म्हणाली.

यादी वाचता वाचता मध्येच आकडे लागतात. ३३०, ५००, ४१२. सामान्य माणूस इथे दचकतो आणि पाकीट परत ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर या आकड्यांविषयी जे फिरतं त्यावर विश्वास ठेवला तर आपण सगळे गेल्या दिवाळीलाच संपायला हवे होतो. खरं म्हणजे ही आंतरराष्ट्रीय नावं आहेत. रोमला बसणारी कोडेक्स नावाची संस्था ती ठरवते, म्हणजे जपानी वड्या आणि पुणेरी बिस्किटं एकमेकांना ओळखू शकतात. ३३० म्हणजे लिंबूसत्त्व, जे आपली आई ढोकळ्यात घालायची. ५०० म्हणजे खायचा सोडा, जो आपली आई नको तितका घालायची. रंगांचे आकडे १०० पासून सुरू होतात आणि पहिला, १०० नंबरचा मान हळदीच्या पिवळ्या रंगाला आहे. लग्नात पहिली हळद लागते हे रोमपर्यंत कुणी कळवलं माहीत नाही.

आणि ४१२? ४१२ ही गवार आहे. ताटात डावीकडे सारायची ती गवार. तिच्या वाळलेल्या बियांपासून जो डिंक काढतात तो आइस्क्रीममध्ये घालतात, बर्फाचे खडे होऊ नयेत आणि ते चटकन वितळू नये म्हणून. सॉसमध्ये घालतात, दाट दिसावा म्हणून. इतकंच काय, अमेरिकेत जमिनीच्या पोटातून तेल आणि वायू काढायला जे पाणी दाबाने सोडतात, तेही याच डिंकाने दाट करतात. २०१२ मध्ये तिथल्या तेलवाल्यांनी इतकी गवार मागवली की राजस्थानच्या बाजारात गवारीच्या बियांचे भाव आभाळाला भिडले; काही काळ गवारीच्या शेतकऱ्याला टेक्सासच्या तेलाची खबर ठेवावी लागली. एवढं मोठं कर्तृत्व असलेली भाजी आपल्या पोरांना नको असते. समोरच्या घरातला नातू तर गवार दिसली की पोट दुखतं म्हणतो. मी त्याला त्याच्या आवडत्या आइस्क्रीमच्या डब्याची पाठ दाखवली. ४१२ वर बोट ठेवलं आणि सगळी हकिकत सांगितली, तेलाच्या विहिरींसकट. तो मन लावून ऐकत होता. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हणाला, ‘‘आई, मी गवार खातो रोज, काकांनी सांगितलंय. वाटीत दे.’’ त्याच्या आईने तेव्हापासून माझ्याशी बोलणं मोजकं केलं आहे.

दुकानातल्या आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये आणखी एक धडा आहे. दोन डबे शेजारी, दोन्हींवर तीच चॉकलेटची लाट. एकावर आइस्क्रीम, दुसऱ्यावर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’. पहिल्यात दुधाची चरबी, दुसऱ्यात वनस्पती तेल. तेल खाऊ नये असं मी म्हणत नाही. पण आपण काय खातोय हे कळून खावं. तेल खायचंच तर मी बटाटावडा निवडेन.

इथे जरा थांबून नवऱ्यांविषयी लिहायला हवं, कारण फ्रीझरच्या आसपास ते थव्याने आढळतात. पूर्वी नवरा यादी घेऊन यायचा. आता तो थेट प्रक्षेपण करतो. फोन कपाटासमोर धरून हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत जातो आणि फोनमधून आज्ञा येतात: ‘‘मागे. अजून मागे. थांबा! ती नव्हे हो, तिच्या खालची. जाडे पोहे म्हटलं ना, पातळ काय दाखवताय?’’ परवा एक गृहस्थ रवा विभागात असं चित्रण करत होते. फोनमधली बाई मला म्हणाली, ‘‘भाऊ, तुम्हीच बघा बरं, त्यावर बारीक लिहिलंय की जाड?’’ मी वाचून सांगितलं. तिने आभार मानले आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘बघा, लोक वाचतात.’’ त्या गृहस्थांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी आजवर फक्त टोलनाक्यावर पाहिलं आहे.

ज्वारीला मिलेट म्हणून आणि सत्तूला प्रोटीन म्हणून चौपट भावात विकतात, यावर आजवर इतके विनोद झालेत की ते आता पाकीटबंद मिळायला हरकत नाही. ते सोडू. मला त्याहून गमतीचा वाटतो तो ‘उपवास स्पेशल’चा कप्पा. कशाला चीज म्हणावं आणि कशाला आइस्क्रीम, हे कायद्याने ठरवलेलं आहे; उपवासाला काय चालतं हे ठरवण्याचा अधिकार मात्र घरोघरच्या सासूबाईंनी कुणालाही दिलेला नाही. एका घरात जिरं चालतं, कोथिंबीर नाही. दुसऱ्यात कोथिंबीर चालते, हळद नाही. तिसऱ्यात भेंडीदेखील चालते आणि उरलेली दोन्ही घरं त्यांच्याविषयी कुजबुजतात. बिचाऱ्या कारखानदाराला सगळ्या सासवांना पटेल असा माल काढायचा असतो, म्हणून तो वादग्रस्त ते सगळं गाळत जातो. शेवटी वेफर्सच्या पाकिटावर उरतं काय, तर बटाटा, तेल आणि सैंधव. सगळ्या दुकानात इतकी आखूड यादी क्वचितच सापडते. डॉक्टर कंठशोष करून जे साधू शकले नाहीत, ते एकादशीने साधलं. यातला साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूचा, आणि ज्या कंदाचा तो करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिकडचाच. विठोबाने या दोघांना कधी जन्मदाखला विचारला नाही.

श्रावणात मात्र पाकिटाच्या एका कोपऱ्याला फार महत्त्व येतं. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी हे पोरालाही ठाऊक आहे. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती. रंग ओळखता न येणाऱ्यांची पंचाईत होते म्हणून आता त्याजागी तपकिरी त्रिकोण आला. आमच्या सासूबाईंच्या लेखी मांसाहार म्हणजे ज्याचा वास जिन्यात येतो तो. त्यामुळे नातवाने आणलेल्या गुलाबी, गुबगुबीत मार्शमेलोच्या पिशवीवर मी त्रिकोण दाखवला, तेव्हा त्यांनी पिशवी उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. ‘‘यात कोंबडी कुठेय?’’ मी जिलेटिनचं सांगितलं. जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, त्यानेच हा लवचिकपणा येतो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नातवाला म्हणाल्या, ‘‘श्रावण संपेपर्यंत वरच्या फळीवर ठेव.’’ वरची फळी म्हणजे आमच्याकडे तांत्रिकदृष्ट्या घराबाहेर असते.

आता शेजारच्या परबांची गोष्ट. परब मालवणकडचे, बँकेतून निवृत्त, मुलाकडे पुण्याला राहतात आणि पुण्यातल्या माशांविषयी जाहीर दुखवटा पाळतात. एकदा ते माझ्याबरोबर दुकानात आले. परदेशी मालाचं एक कपाट आहे तिथे. ऑलिव्ह, सोया सॉस, समुद्री शेवाळाचे कागद, थायलंडहून आलेला डबाबंद नारळाचा रस. त्या डब्याकडे परबांनी असं पाहिलं की मला थायलंडची दया आली. मग त्यांची नजर एका देखण्या काचेच्या बाटलीवर गेली. आत उकललेली, लालसर, खरखरीत सालं. वर सिचुआन पेपर असं नाव आणि खाली अशी किंमत, की त्यात परबांच्या हिशेबाने पाटीभर बांगडे आले असते.

‘‘अरे, ह्यां तर आमचां तिरफळ!’’ परब ओरडले.

गणवेशातली मुलगी धावत आली. ‘‘नाही काका, ते चायनीज आहे.’’

‘‘चायनीज काय गो? माझ्या परड्यात झाड आसा त्याचा!’’

दोघंही बरोबर होते. तिरफळ आणि हे सिचुआनचं फळ एकाच कुळातली, निरनिराळ्या जातींची. चुलत भाऊ म्हणा. दोघांचं घराणं लिंबाचं. कढीपत्ता आणि बेल हीसुद्धा याच घराण्यातली. या लिंबाच्या नात्यापायी चिनी भावाला अमेरिकेत शिक्षाही भोगावी लागली. त्याच्याबरोबर संत्र्या-लिंबांच्या बागांवर रोग येईल या भीतीने १९६८ पासून त्याला तिथे आणायला बंदी होती. ती उठली २००५ मध्ये, तीही आधी तापवून आणायच्या अटीवर. दोघांची तऱ्हा एकच: जिभेला झिणझिण्या आणायच्या. फक्त सिचुआनमध्ये त्याची सालं कुटून मिरचीबरोबर सगळीकडे घालतात, आणि आपल्या किनाऱ्यावर तिरफळ ठेचून, बी काढून, बांगड्याच्या किंवा तारल्याच्या तिखल्यात टाकतात आणि जेवताना बाजूला काढतात. दाताखाली आलं तर पाहुणा कोकणातला नाही हे सगळ्या पंगतीला कळतं.

परबांच्या डोक्यात एक वेगळंच चक्र सुरू झालं होतं. ‘‘मगे, त्या शेजवान चटणीत ह्यांच असतला?’’

आम्ही चटणीच्या कपाटापाशी गेलो आणि हाताला लागतील त्या बाटल्यांची पाठ वाचली. मिरची, लसूण, तेल, आलं, साखर, मीठ, व्हिनेगर, काही आकडे. तिरफळाच्या भावाचा पत्ता नाही. शेजवान म्हणजे सिचुआनच, पण ज्या प्रांताचं नाव बाटलीवर, त्या प्रांताची मुख्य ओळख बाटलीत नाही. तरी याबद्दल मला तक्रार करवत नाही. शेजवान चटणी आपल्याच चायनीज गाड्यांवर वाढली; आज ती डोशात आहे, वडापावात आहे, फ्रँकीत आहे, आणि मी एका लग्नात ती पुरणपोळीच्या शेजारी वाढलेली पाहिली आहे. तिला चीनला परत पाठवलं तर तिथे कुणी ओळखणार नाही. त्यातली मिरचीही अमेरिकेतून निघून एकीकडे कोकणात आणि दुसरीकडे सिचुआनला पोहोचलेली. परबांना हे पटवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. मालवणी माणसाला मिरची बाहेरची आहे हे सांगायला वेगळं धैर्य लागतं.

त्यांनी ती बाटली घेतली. मी दुकानात उभा राहून एवढं वाचूनही जे करत नाही, ते त्यांनी न वाचता केलं. रविवारी बांगडे आणले, आणि परबवहिनींनी दोन भांडी चढवली. एकात गावच्या झाडाचं तिरफळ, दुसऱ्यात बाटलीतलं. मला पंच म्हणून बोलावलं होतं, पण पंचाचं मत कुणी विचारलं नाही. परबांनी दोन्ही रश्शांत भाकरी बुडवली, डोळे मिटले, आणि मान अशी हलवली की तिचा अर्थ दोन्ही बाजूंना लावता यावा. निकाल वहिनींनी दिला. त्यांनी चिनी भांड्यातला एक घास घेतला, ओठांवरून बोट फिरवून झिणझिण्या तपासल्या आणि म्हणाल्या, ‘‘वास वायच आसा. पण ह्येका खोबऱ्याची सवय नाय.’’

मग ओट्यावरची काचेची बाटली उचलून त्यांनी झाकण फिरवून पाहिलं, दोनदा घट्ट केलं, उलटी धरून गळते का बघितलं.

‘‘बाटली मात्र बरी आसा. रिकामी झाली की आमसुलां ठेवूक उपयोगी पडात.’’